फुंकरीचा आकडा

४ फेब्रुवारी

नवं मशीन आलं. शिलाई मशीनच्या डब्याएवढं, पण त्याच्यासाठी माझं अर्धं टेबल रिकामं करायला लावलं. कंपनीचा माणूस टाय लावून आला होता. मी या खोलीत लोकांना फुंकायला लावून लावून म्हातारी व्हायला आले, आणि हा मला शिकवतोय की पेशंटला सरळ बसवायचं. म्हटलं, "नाही तर काय आडवं पाडून फुंकवतात?" डॉक्टर मॅडम हसल्या. तो नाही हसला.

काम तसं सोपं आहे. जुन्या मशीनवर जीव खाऊन फुंकावं लागतं, ह्याच्यावर अगदी संथ. पडद्यावर एक चेंडू येतो, तो दोन रेघांच्या मधे तरंगत ठेवायचा, दहा सेकंद. जोर झाला की वर पळतो, कमी पडला की खाली. श्वासनळ्या आतून सुजलेल्या असल्या की त्या नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू जास्त सोडतात, तो हे मशीन मोजतं. आकडा पंचविसाच्या आत आला म्हणजे आत सगळं शांत. पन्नासच्या वर गेला म्हणजे सूज.

फुंकायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं: पालेभाजी खाल्ली का, बीट खाल्लं का, सिगरेट ओढली का, धावतपळत आलात का. पालक-बीट पोटात असलं की आकडा उगाच फुगतो. सिगरेट ओढली की उगाच उतरतो. मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या मशीनला फसवता येतं तर." तेव्हा कुठे तो माणूस हसला.

९ फेब्रुवारी

धाकट्या भावाला फुंकायला बसवलं. आईबाबा गेले तेव्हा हा शाळेत जायला नुकता लागला होता आणि मी कॉलेज सोडलं. दमा त्याला तेव्हापासून. धाप लागली की मी त्याला मांडीवर उठवून बसवायची आणि पाठीवर हात फिरवत म्हणायची, गरम दूध फुंकतोस ना तसं, हळू, हळू. आता तो चाळिशीला आला, टक्कल पडायला लागलं, तरी आज चेंडू वर पळाला तेव्हा मी तेच म्हटलं आणि चेंडू रेघांमधे आला. राणीसाहेब बाजूला पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. राणीसाहेब म्हणजे त्याची बायको. तोंडावर मी तिला असं म्हणत नाही, इथे म्हणते.

मी नळी पुढे करायच्या आधीच हा माझ्या आवाजात सुरू झाला, "पालेभाजी खाल्ली का? बीट खाल्लं का? खोटं बोलू नका हं, मला कळतं!" बाहेर बसून दहा मिनिटं ऐकलं असेल, तेवढ्यात माझी मान हलवण्याची तऱ्हासुद्धा उचलली. दवाखान्यातली झाडूवाली मावशी झाडता झाडता खुर्चीला टेकून हसली. माझी नक्कल त्याच्याइतकी कोणाला जमत नाही.

आकडा आला चौऱ्याहत्तर.

मॅडमनी विचारलं, घरात ओल आहे का? मी काही म्हणायच्या आत राणीसाहेब सुरू. "मागच्या खोलीची भिंत कायम ओली असते. आम्ही तिथेच झोपतो. काळी बुरशी येते, पुसली तरी आठवड्यात परत." मी म्हटलं, भिंतीला घाम येतो, जुन्या घरांना येतोच. त्याच घरात मी जन्मले, मला काही झालं नाही. मॅडमनी लिहून घेतलं. माझ्याच खोलीत बसून माझ्याच घराची अब्रू काढली त्या पोरीने, आणि हा टेबलाकडे बघत बसला.

१२ फेब्रुवारी

ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. मॅडमनी सुचवलं होतं की दोन महिने दुसरीकडे राहून बघा, आकडा उतरला तर कळेल की घराचाच दोष. राणीसाहेबांच्या मैत्रिणीचा फ्लॅट रिकामा आहेच, वरच्या मजल्यावर, भरपूर उन्हाचा. एवढं सगळं जुळून कसं आलं हो, असं मी विचारलं नाही. भांडी घासत राहिले.

जेवताना त्याने सांगितलं. "ताई, आकडा उतरला तर तिथेच राहू. नाही उतरला तर परत येतो, शप्पथ. आणि मोजणार तूच. मग तर झालं?"

राणीसाहेब म्हणाल्या, "ताई, तुम्हीपण चला ना आमच्याबरोबर. तीन खोल्या आहेत."

चला ना! जसं काही मी सामानातली कपबशी. हे घर बाबांनी बांधलं, याच्यासाठी मी काय काय सोडलं ते तिला कोणी सांगितलंय? लग्नाच्या बैठका दोनदा मोडल्या, कारण मी म्हणायची भाऊ माझ्याबरोबर येणार. मी म्हटलं, "मला जिने चढवत नाहीत." गुडघे ठणठणीत आहेत माझे.

२० फेब्रुवारी

गेले. एक टेम्पो पुरला. मागच्या खोलीत कपाट होतं तिथे भिंतीवर काळा चौकोन उमटलाय, माणसाच्या उंचीचा. दार ओढून घेतलं.

भात दोन वाट्यांचा लावला सवयीने. उरला.

२१ मार्च

एक महिना झाला म्हणून तपासणी. एक्केचाळीस.

"बघ ताई, बघ!" म्हणत खुर्चीतच उडाला. पहिल्या नंबराने पास झाल्यासारखा. राणीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "नवं मशीन आहे, अजून बसायचंय." मशीन बसायचं काय असतं, कोण जाणे. पण एका आकड्यावर एवढं नाचायची गरज नव्हती. औषधं तर तो नियमित घेतोय, त्यानेही उतरला असेल. दोन महिने म्हटलं म्हणजे दोन महिने.

मी विचारलं होतं त्याला, पालक, बीट, सगळं. नियमाने. माझ्या कामात कोणी खोट काढू शकत नाही.

२ एप्रिल

फ्लॅट बघायला गेले. जाणारच नव्हते, पण तो न्यायला आला. तिसरा मजला. माझी पिशवी घेऊन पुढे पुढे शीळ घालत चढत होता, आणि मी मागून बघत होते. घरी दोन पायऱ्या चढला की दाराला धरून उभा राहायचा हा. शीळ घालताना कधी ऐकला होता मी त्याला? आठवत नाही. एवढा आनंद झालाय ताईला सोडून.

राणीसाहेबांनी सगळ्या खोल्या दाखवल्या. तिसरी रिकामीच ठेवली आहे. पलंग आहे, गादी आहे, खिडकीला निळा पडदा लावलाय, माझ्या खोलीत आहे तसाच. म्हणाली, "ही तुमची. येता-जाता राहा, नाहीतर कायमच या." नक्कल तरी किती करावी माणसाने. माझा पडदासुद्धा सोडला नाही.

परत येताना ठरवलं की आता काही झालं तरी परत पाय ठेवायचा नाही.

१४ एप्रिल

मावशीने विचारलं, "भाऊ परत कधी येणार?" म्हटलं, चार दिवसांनी कळेल. म्हणाली, "आकडा उतरू दे बाई, पोराला श्वास येऊ दे." मावशीला काय कळतं. तिला तीन मुलगे, तिन्ही तिच्याजवळ. संध्याकाळी घरी गेल्यावर कुलूप आपणच काढायचं, आपणच लावायचं, हे तिला माहीत नाही.

आकडा एक्केचाळीसच्या आणखी खाली गेला तर संपलंच. मग तो कोण आणि मी कोण? सणावाराचा पाहुणा होईल. नाही, आज रडू आलं खरं. उद्या बाजारात जायचंय.

१८ एप्रिल

आज तपासणी होती, तीन वाजता.

सकाळी मंडईत बीट फार छान मिळालं, लालबुंद. धाकट्याला लहानपणापासून बीट आवडतं, गोड लागतं म्हणून नुसतं उकडलेलं खायचा. पालकही कोवळा होता. म्हटलं, फ्लॅटवर राणीसाहेब काय खायला घालतात देव जाणे, आज आपण डबा द्यावा. बीट उकडून, पालकाची भाजी दाट करून, पोळ्यांबरोबर बांधून दिला आणि एक वाजता त्याच्या ऑफिसात पोचवला. बहिणीने भावाला डबा द्यायचा नाही, असं कुठे लिहिलंय?

त्याच्या आधी चार पेशंट होते. चौघांना विचारलं. एका आजोबांनी मेथी खाल्ली होती, त्यांना परत पाठवलं, उद्या या म्हटलं. ते चिडले. म्हटलं, आजोबा, नियम म्हणजे नियम.

धाकटा आला तेव्हा खोलीत आम्ही दोघंच. राणीसाहेब बाहेर पैसे भरत होत्या. आज त्याने माझी नक्कल केली नाही. खुर्चीत बसला आणि माझ्याकडे बघत राहिला, जसं काही मी आता काहीतरी म्हणणार. मी नळीचं कागदी आवरण काढत होते. घरच्या माणसाला काय विचारायचं? त्याने तोंड उघडलं, जीभ लाल दिसली. मी म्हटलं, "ओठ घट्ट मिट." त्याने मिटले. मग इतका संथ फुंकला की चेंडू जागेवरून केसभर हलला नाही. मला एकदाही "हळू, हळू" म्हणावं लागलं नाही.

अठ्ठावन्न.

त्याने विचारलंसुद्धा नाही किती आला ते.

१९ एप्रिल

मॅडम बुचकळ्यात पडल्या. खाली आलेला आकडा त्याच फ्लॅटवर राहून परत वर का जावा? त्याला दोनदा विचारलं, "पंप रोज घेता ना? खरं सांगा." तो म्हणाला, घेतो. राणीसाहेब म्हणाल्या, मी समोर उभी राहून देते. मॅडमच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की विश्वास बसला नाही. शेवटी म्हणाल्या, घराचा संबंध दिसत नाही, औषध वाढवू. गोळ्या लिहून दिल्या.

राणीसाहेबांचा चेहरा पडला. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. आनंद नाही, पण बरं वाटलं. धाकट्याने शब्द पाळला. पुढच्या आठवड्यात परत येताहेत.

२६ एप्रिल

मागची खोली रंगवून घेतली. काळा चौकोन खरवडून त्याच्यावर दोन हात दिले, समोर परत कपाट लावलं. रंगारी म्हणाला, "बाई, आतून पाणी येतंय, रंग धरणार नाही." त्याला म्हटलं, तुला रंग द्यायला बोलावलंय, सल्ला द्यायला नाही.

चादरी नव्या टाकल्या. फिकट पिवळ्या, त्याला आवडतात.

३ मे

घर भरलंय. सकाळी त्याच्या चपला दाराशी दिसल्या की जीव निवतो. राणीसाहेब माझ्याशी अगदी मोजून बोलतात, पण बोलतात. काल मला म्हणाल्या, "ताई, तुमच्यासाठी तरी त्यांनी सांभाळून राहायला हवं." माझ्यासाठी तरी म्हणजे काय? टोमणाच असणार.

तो रोज पहाटे खोकतो. नव्या रंगाचा वास असेल. जाईल चार दिवसांत.

१० मे

वास गेला. खोकला आहे.

१६ मे

दुपारी जेवून पडला आणि पडल्या पडल्या श्वास अडकला. मी धावले, उठवून बसवला, पाठीवर हात, गरम दूध फुंकतोस तसं, हळू. त्याचे ओठ निळे पडले होते. त्याला फुंकताच येईना. पंप दिला, परत दिला. माझ्या हाताकडे बघत होता आणि श्वास आत जात नव्हता. राणीसाहेबांनी मला बाजूला ढकललं, गाडी बोलावली, दोन मजुरांना हाक मारून उचलायला लावला. कपाट पलंगाच्या वाटेत येत होतं, ते सरकवलं. मागे भिंत काळी. तीन आठवडे झाले नव्हते रंगवून.

आता आयसीयूत आहे. मला आत सोडत नाहीत. मी इथेच नोकरी करते, आणि मला आत सोडत नाहीत.

१९ मे

धोका टळला. आज वॉर्डात आणला. देवा, तुझे पाय धरते.

मॅडम राउंडला आल्या तेव्हा मी त्याच्या उशाशी होते. फाइल चाळत म्हणाल्या, "मला तो अठ्ठावन्नचा आकडा पटत नाही. फुंकायच्या आधी काही खाल्लं होतं का? पालक, बीट?"

राणीसाहेब मोसंबी सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी ताईंनी डबा दिला होता ना. मी घरी आल्यावर घासला, नुसतं गुलाबी पाणी निघालं." हात थांबले. "बीट होतं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी विचारलं होतं. सगळ्यांना विचारते. तो नाही म्हणाला."

तोंडातून निघून गेलं. काय करणार होते? नोकरीचा प्रश्न होता, आणि इतक्या वर्षांचं नाव.

धाकट्याने तोंडावरचा मास्क खाली ओढला. "हो," म्हणाला. "ताईने विचारलं होतं. मीच नाही म्हणालो."

मॅडम त्याला नाही नाही ते बोलल्या. चुकीच्या आकड्यावर तुम्हाला परत त्या घरात पाठवलं, जीव गेला असता, कळतंय का? तो मान हलवत राहिला. मग राणीसाहेब उठल्या. मोसंबीच्या फोडी तशाच बशीत. त्याला फक्त एवढंच म्हणाल्या, "तुला माहीत होतं? आणि मी रोज पंप हातात घेऊन तुझ्यासमोर उभी राहत होते?" आणि बाहेर गेल्या.

बघा, वेळ आली तेव्हा माझ्या बाजूने कोण उभं राहिलं ते. रक्ताचं नातं ते रक्ताचं.

२२ मे

आज राणीसाहेब नव्हत्या, तो आणि मी. मी वेणी घातल्यासारखी चादरीची दशी गुंडाळत बसले होते. त्याने हळूच विचारलं, "ताई, तुला खरंच वाटतं मला कळलं नाही?"

"काय?"

"डबा उघडला तेव्हाच कळलं. तुझे प्रश्न मला पाठ आहेत. म्हटलं, विसरली असेल. खुर्चीत बसलो तेव्हा वाट बघत होतो तू विचारशील म्हणून. तू विचारलं असतंस तर खरं सांगितलं असतं, दुसऱ्या दिवशी परत आलो असतो. तू नळी दिलीस."

मी म्हटलं, "मग खाल्लंस कशाला?"

"तू पाठवलं होतंस."

एवढं बोलून त्याला धाप लागली. मी पाणी द्यायला उठले, त्याने हाताने नको म्हटलं.

"ती माझ्याशी बोलत नाही आता," धाप ओसरल्यावर म्हणाला. "तिला वाटतं मी तिला फसवलं. बरोबरच आहे तिचं."

"मग सांग तिला खरं. सांग, ताईने केलं. मी आहेच वाईट."

"नाही सांगणार. तुझी नोकरी जाईल." डोळे मिटून घेतले. "पण आता डबा पाठवू नकोस, ताई. मला तुला नाही म्हणता येत नाही, म्हणून सांगतोय. पाठवूच नकोस."

म्हणजे वाढवलं, शिकवलं, रात्र रात्र पाठ चोळली, आणि शेवटी काय, तर एका बिटावरून ताई वैरी झाली. मी उठून आले. बशीतल्या फोडी सुकल्या होत्या, त्या टाकल्या.

३० मे

दवाखान्यातून दोघं परस्पर फ्लॅटवर गेली. सामान न्यायला राणीसाहेब एकट्याच आल्या. मला वाटलं आता भांडेल, मी तयारीत होते. ती नाही भांडली. जाताना म्हणाली, "ते तपासणीला आता दुसरीकडे जातील. तुम्ही वाट बघू नका." पिवळ्या चादरी तशाच घडी करून पलंगावर ठेवून गेली.

त्या दोघांचं बोलणं अजून सुरू झालं नाही, असं मावशी म्हणते. तिची भाची त्याच इमारतीत कामाला जाते. तिसऱ्या खोलीत तो झोपतो म्हणे. निळ्या पडद्याच्या.

११ जून

फोन केला. उचलत नाही. मेसेज येतो: मी बरा आहे. तेवढाच, प्रत्येक वेळी तोच.

आज शेवटचा पेशंट गेल्यावर मशीन बंद करणार होते, पण केलं नाही. नवी नळी फोडली आणि स्वतःच खुर्चीत बसले. सगळं नियमाने केलं. पालेभाजी खाल्ली का? नाही. बीट? त्या दिवसानंतर घरात आणलंच नाही. सिगरेट? काहीतरीच. धावत आलात का? कुठे जाणार धावत.

चेंडू सारखा वर पळत होता. दोनदा चुकलं. तिसऱ्या वेळी स्वतःलाच म्हटलं, हळू, गरम दूध फुंकतेस तसं. जमलं.

अकरा.

अकरा! लहान पोरांचा येतो एवढा. आत काही सूज नाही, काही नाही, सगळं स्वच्छ. त्याच घरात राहते मी, त्याच ओल्या भिंतीच्या घरात जन्म काढला, आणि माझा आकडा अकरा. दोष घराचा असता तर मला काही झालं नसतं का? हे कोणीतरी त्याला सांगायला हवं. मी लगेच फोन लावला. वाजत राहिला.

मावशी फडकं घेऊन आत आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "एवढा छान आकडा! कोण पेशंट?"

मी म्हटलं, गेला तो. आणि मशीन बंद केलं.